बांधलेलं बटण

पिंपरीत पगाराच्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली की ते सल्लावाले काका कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर बसलेले असायचे. मांडीवर रेक्झिनची बॅग आणि बॅगेवर उजवा हात. त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तीन बोटं आमच्याच कंपनीच्या पत्रा कापायच्या प्रेसने नेली. भरपाई आली, ती भाऊबंदांनी उडवली. मग ते विम्याचे एजंट झाले आणि पुढे तेही सोडलं. "एजंट कंपनीचं बोलतो, मी तुमचं बोलतो," म्हणायचे. पैसा कुठे ठेवायचा ते सांगायचे आणि सल्ल्याची फी रोख घ्यायचे.

पगार, पोरंबाळं विचारायच्या आधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे.

"दोन्ही बटणं दाबतोस, का एक बांधलंय?"

दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असायची. माल जास्त निघावा, वरचा इन्सेंटिव्ह मिळावा म्हणून आम्ही त्यातलं एक दाबून सुतळीने बांधायचो. मी खरं सांगितलं, एक बांधलंय.

"मग बँक, पोस्ट राहू दे. आधी अपघाताचा विमा काढ."

"बटण सोड म्हणत नाही तुम्ही?"

"इन्सेंटिव्हशिवाय भागतंय का तुझं?"

मी त्यांची फी मोजून दिली आणि विमा काढला.

निघताना ते हटकून हात मिळवायचे, तोच उजवा.

पुढे विम्याच्या भरपाईचे कागद घेऊन ते स्वतः दवाखान्यात आले. माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. उजव्या हाताच्या बँडेजकडे पाहिलं नाही. उठताना सवयीने उजवा हात पुढे केला, मग तो मागे घेऊन डावा केला.