मुरवलेली रबरं

सायकली दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, पण ब्रेकची रबरं मुरवणारा माणूस साऱ्या गल्लीत एकच होता. म्हणूनच गल्ली त्याला ब्रेकमामा म्हणायची. नवं रबर कोऱ्या बुटासारखं असतं, चार पावलांत सगळ्यांना आपली कोरेपणाची करकर ऐकवतं, असा मामांचा सिद्धांत होता. त्यामुळे नवी रबरं ते आधी स्वतःच्या सायकलला लावत, महिनाभर दुकानाशेजारच्या उतारावर घासत आणि ती गप्प बसायला शिकली की काढून गिऱ्हाइकाला देत. मामींचं म्हणणं असं, की एवढी शिकवण यांनी पोटच्या पोरांनासुद्धा दिली नाही.

त्या दिवशी सकाळपासून मामांचा पाय एका जागी ठरत नव्हता. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर येणार होत्या. घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांच्या चाळीस सायकली कुणाच्या हाती द्यायच्या, हे त्या ठरवणार होत्या आणि नमुन्याला एक सायकल आधीच धाडली होती. काम मिळालं तर दुकान टिकणार होतं. नाही तर मेव्हण्याच्या गोदामात बसून खोक्यांवर शिक्के मारायचे. मेव्हण्याने खुर्चीवर ठेवायला मऊ उशीसुद्धा पाठवून दिली होती. मामांना आयुष्यात उताराची भीती वाटली नाही, त्या उशीची वाटत होती.

म्हणून त्यांनी सिस्टरच्या सायकलचे आरे ताणले, हबमधले छर्रे बदलले, चेनला तेल दिलं आणि आपल्या सायकलवरची मुरलेली रबरं काढून तिला बसवली. मग दुकानाची शोभा जायला नको म्हणून आपली सायकलही घासूनपुसून लखलखीत केली आणि शेजारी उभी केली. दोन्ही काळ्या, दोन्ही चकचकीत. जुळ्या बहिणीच.

सिस्टर आल्या. उताराच्या पायथ्याशी, शिंप्याच्या दारासमोर, खडूची रेघ होती. तिच्यावर पुढचं चाक थांबलं नाही तर सायकल दुकानातून हलायची नाही, हा नियम मामांनी त्यांना तीनदा सांगितला. चौथ्यांदा सांगता सांगता, नजर सिस्टरकडे ठेवूनच, हाताला लागली ती सायकल त्यांनी ओढली आणि टांग मारली.

मामी मागून काहीतरी म्हणाल्या, पण मामा तोवर वाऱ्यावर होते.

अर्ध्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेकच्या दोन्ही दांड्या हँडलला जाऊन टेकल्या आणि चाकांना त्याची खबरही नव्हती. मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी घंटी वाजवली, चपला जमिनीला टेकवल्या, पुन्हा घंटी वाजवली. रेघ आली तशी गेली. शिंप्याने शिवण टाकून दार सताड उघडलं, हे त्याचे उपकारच, आणि मामा सायकलसकट शाळेच्या गणवेशांच्या ढिगात शिरले.

सिस्टरनी पर्स उचलली. मामींनी ते पाहिलं. त्यांनी पदर खोचला, दुसरी सायकल ओढली आणि लग्नानंतर एकदाही सायकल चालवली नसताना तिच्यावर बसून ती थेट उतारावर सोडली. मामांनी ढिगातून डोकं काढलं तेव्हा बायको भरधाव त्यांच्याकडेच येत होती. त्यांनी डोळे मिटले.

उघडले तर पुढचं चाक रेघेवर होतं. आवाज असा नव्हताच.

सिस्टर खाली चालत आल्या. मामांनी गळ्यातली बाही बाजूला केली आणि पहिला प्रश्न विचारला, "करकर ऐकू आली का हो?"

"आली. तुमच्या चपलांची." सिस्टर वाकून रबरं बघत होत्या. "उद्यापासून चार-चार सायकली पाठवते, मामा. दुरुस्ती तुम्ही करायची. उतारावर मात्र यांनीच यायचं."

मामांनी मान हलवली. तेवढ्यात त्यांना घरातली उशी आठवली आणि गणवेशांची भरपाई म्हणून ती त्यांनी तिथल्या तिथे शिंप्याला कबूल करून टाकली.

मामी सायकल ढकलत पुन्हा वर निघाल्या होत्या.

"अगं, झाली ना चाचणी?" मामा म्हणाले.

"दाराशी थांबू नका," मामी मागे न बघता म्हणाल्या. "मी परत येतेय."