सत्तावीस खोकी आणि एक बाज

नको ती वस्तू टाकून देण्याची अक्कल देव प्रत्येक माणसाला जन्मतःच देतो, पण आमच्या थोरल्या साडूंच्या वेळी ती द्यायची साफ विसरला असावा. हा माणूस लग्नाची पत्रिका टाकत नाही, तुटलेल्या छत्रीची काडी टाकत नाही, आणि त्यांच्या पायातली चप्पल तर झिजून झिजून आपणहून निघून जाते. पण हे सगळं किरकोळ. त्यांचा खरा संसार कार्डांचा. च्युइंगमच्या पाकिटात पूर्वी क्रिकेटपटूंची कार्डं निघायची, पुढं चड्डीतल्या परदेशी पैलवानांची आली, मग कबड्डीपटूंची. पोरं ती चार दिवस खेळून हरवायची, आणि जे हरवायचं नाही ते साडूंकडं यायचं. आपल्या गावच्या, पिशोरच्या, मल्लांची कार्डं कुणी छापत नाही याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून, वर फोटो चिकटवून त्यांनी ती स्वतःच तयार केली. त्यांतल्या एका मल्लाच्या पाठीवर अजून 'शुभविवाह' वाचता येतं.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. बायकोचं ऐकून मीही त्यांना दाजीच म्हणतो. मूळचे पिशोरचे, घरची शेती भावाकडं, आणि स्वतः एसटीत कंडक्टर. पिशोर, फुलंब्री, शहर, आणि पुन्हा उलटं, अशी त्यांची हयात एकाच रस्त्यावर गेली. कंडक्टर म्हणून भला माणूस. फक्त एका गोष्टीवर त्यांचं डोकं फिरायचं. खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धरली, की दाजी तो रुमाल दोन बोटांत उचलून धन्याच्या हातात द्यायचे आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "बसंल त्याची जागा. रुमालाला तिकीट नसतंय." यात त्यांनी सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाही. तो मेहुणा दोन दिवाळ्या घरी आला नव्हता.

कार्डांचा व्यवहार मात्र गाडीतच चालायचा. फुलंब्रीचे एक गुरुजी होते. वर्गात पोरं कार्डं खेळताना सापडली की ते जप्त करायचे, मागं पेन्सिलीनं पोराचं नाव लिहायचे आणि कपाटात कुलूपबंद करायचे. त्यांतलं एखादं दुहेरी निघालं की गुरुजी फुलंब्रीच्या थांब्यावर दाजींची वाट पाहत उभे. एकदा दोन यष्टिरक्षकांवर एक फिरकीवाला की तीनांवर, यावर दोघांचं इतकं अडलं की गाडी हलेना. ड्रायव्हरनं भोंगा वाजवून वाजवून हात दुखवून घेतले. आधी उतारू चिडले, मग त्यांतही दोन पक्ष पडले. शेवटी भाजीची पाटी मांडीवर घेतलेली एक म्हातारी कडाडली, "ओ मास्तर, द्या की अडीच! अर्धं फाडून द्या!" अर्धं फाडायच्या नुसत्या कल्पनेनं दोघंही इतके घाबरले की तिथल्या तिथं दोनांवर सौदा पटला.

अशा रीतीनं शहरात उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरातली मधली खोली भरत गेली. बिस्किटांचे डबे, बुटांची खोकी, गव्हाची एक कोठी. शेतकऱ्याचं पोर असल्यामुळं धान्याला घालावा तसा प्रत्येक खोक्यात कडुलिंबाचा पाला. मे महिन्यात कार्डं एकमेकांना चिकटतात म्हणून निवडक मंडळी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात. मी एकदा पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर मेथीच्या जुडीआडून एक वेगवान गोलंदाज माझ्याकडं रोखून पाहत होता.

अक्कांनी हे सगळं तीस वर्षं चालवून घेतलं. पण गेल्या वर्षी मनूला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. आता पोरीची बाज टाकायची कुठं? पुढच्या खोलीत येणंजाणं, मागच्या खोलीत स्वयंपाक. उरली मधली. अक्कांनी पदर खोचला आणि सांगितलं, "सातव्या महिन्यात पोरगी यील. तवर खोली रिकामी पायजे. माझ्या लेकीनं काय पैलवानांच्या मांडीवर बाळंत व्हायचं का?"

दाजींनी चष्मा पुसला. लेकीवर त्यांचा जीव. पण खोलीतही त्यांचाच जीव. मी सरकारी कचेरीत अभिलेख सांभाळण्यात जन्म घालवलेला, म्हणून कार्डं निवडायला माझी नेमणूक झाली. मी मोठ्या तोऱ्यात गेलो. सतरंजीवर तीन जागा आखल्या: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. खोकी मोजली, सत्तावीस भरली. मग वर्णक्रमानं लावावं की देशवार, असं मी विचारलं.

"साडू, ती लागलेलीच हायत," दाजी म्हणाले.

"कशी?"

"थांब्यावार."

आणि खरंच तसंच होतं. जगातला कोणताही खेळाडू कोणत्याही देशाचा असो, दाजींच्या लेखी तो फुलंब्रीचा नाहीतर पिशोरचा असायचा. ज्याच्याकडून कार्ड मिळालं त्याचं नाव आणि थांबा मागं पेन्सिलीनं लिहिलेला. मी एक कार्ड उचललं, "हा कोण?" तर दाजी खेळाडूबद्दल अक्षर बोलले नाहीत. "ह्यो पिशोरच्या शिंप्याचा. ह्याच्या बहिणीचं लगीन व्हतं त्या दिवशी दिलं. लई रडत व्हता बिचारा." असं प्रत्येक कार्डाचं. कार्ड हातात घ्यायचं, माणूस आठवायचा, आणि कार्ड 'ठेवायचं'मध्ये ठेवायचं. संध्याकाळी पाहिलं तर 'ठेवायचं'चा डोंगर झालेला, 'द्यायचं'ची जागा कोरी, आणि 'टाकायचं'मध्ये माझी चष्म्याची डबी.

मला संताप आला, हे मी कबूल करतो. मी म्हणालो, "दाजी, एवढीच माणसं जिवाभावाची असतील तर त्यांची त्यांना परत द्या की!" मी चिडून बोललो होतो. पण दाजींचा चेहरा एकदम उजळला. "व्हय की! ज्याचं त्याला पोचवू. ह्यात टाकणं नाय काय नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चार पिशव्या घेऊन एसटीत बसलो. पहिला मुक्काम फुलंब्री. गुरुजी आता निवृत्त, पाठीत वाकलेले, पण कार्डं पाहून ओट्यावर ताठ बसले. दाजींनी त्यांची सगळी कार्डं मोजून हवाली केली. मी मनात म्हटलं, चला, एक पिशवी हलली. चहा झाला, आम्ही उठलो, तर गुरुजी म्हणाले, "बसा. रिकाम्या हातानं जाता का माझ्या दारातून?" आणि आत जाऊन त्यांनी एक लोखंडी पेटी ओढत आणली. सबंध नोकरीतला जप्तीचा माल! "माझ्या मागं ही रद्दीत जाईल. तुमच्याकडं नीट राहील." दाजी नाही कसं म्हणणार? शेजाऱ्यानं भाजीचा डबा दिला तर तो रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, अशी आपल्याकडची रीत. इथं साखरेऐवजी पेटी आली, एवढाच फरक.

पिशोरला तर रीत अंगाशीच आली. ज्याच्या दारात जावं तो कार्ड डोळ्याला लावायचा, बायकोला हाक मारायचा, आणि आतून पोरांच्या जुन्या कार्डांचा डबा यायचा. "घरात पडलेलंच हाय, दादा. तुमच्याच कामाचं." चार पिशव्या घेऊन गेलेले आम्ही एक पेटी, दोन गोण्या आणि गवारीच्या शेंगा घेऊन परतलो. दारात अक्का उभ्या होत्या. त्यांनी गोण्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "पाव्हणं, तुम्हाला मी शहाणं समजत व्हते." गेली तीस वर्षं मीही समजत होतो.

आणि मनू ठरल्यापेक्षा आठ दिवस आधीच आली. पोरगी दारात दमून उभी, आणि मधल्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही. दाजी इतके ओशाळले की त्यांना लेकीच्या हातातली पिशवी घ्यायचंही सुचेना. ते नुसते "ये, ये" म्हणत राहिले. मनू हसली, म्हणाली, "बाबा, मी उभ्यानं जाते, पुढं जागा होईल." कंडक्टरची लेक शोभली. पण दाजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मला ते बघवेना. मी टेम्पो बोलावला आणि ती सबंध वरात आमच्या घरी नेली. पुढचे तीन महिने आमच्या दिवाणाखाली, देवघराखाली आणि माझ्या पलंगाच्या उशाशी आंतरराष्ट्रीय क्रिकेट होतं. बायको माझ्याशी गरजेपुरतं बोलायची.

मनूला मुलगी झाली. बारशाला दाजींनी रस्त्यावरचा एकही थांबा वगळला नाही, सगळ्यांना बोलावणं. आदल्या दिवशी अक्का घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घालता घालता थांबल्या. "अवं, उद्या आपल्याच घरी येनार ना सगळे?" त्या म्हणाल्या. "हात भरून येतील, अंगडं-टोपडं घेऊन. मग रिकाम्या हातानं न पाठवायची पाळी कुणाची? आपली! घुगऱ्यांची परतफेड कुणी करतं का कधी?"

मी अभिलेख विभागातला माणूस. तिथं शिस्त असते, अक्कल असायची ती अक्कांकडं होती.

बारशाचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. सकाळीच टेम्पो आमच्या घरून तो माल परत घेऊन आला. दारात डाव्या बाजूला दाजी, उजव्या बाजूला खुर्चीवर गुरुजी. निघालेल्या प्रत्येकाच्या हातात घुगऱ्यांची पुडी आणि वर त्याची कार्डांची गड्डी. दाजी कार्डांच्या पाठी न बघता हाका मारत होते, "पिशोर, या, पिशोरवाले पुढं या! फुलंब्री मागं थांबा!" गुरुजींचा एक जुना विद्यार्थी, पोट सुटलेला, मिशा पिकत आलेला गृहस्थ, त्याला सातवीत जप्त झालेलं कार्ड मिळालं. त्यानं गुरुजींकडं चोरून पाहिलं आणि ते झटकन खिशात दडवलं. गुरुजी म्हणाले, "वर्गात काढायचं नाही." सगळा मांडव हसला, आणि त्या गृहस्थाचे डोळे मात्र भरले होते. दुपारपर्यंत खोकी उपडी झाली. पाळण्यातली बया त्या गोंधळात स्वस्थ झोपली होती.

दाजींनी स्वतःसाठी एकच डबा ठेवला. त्यावर थांबा लिहिलेला, 'घर'. आत मनूनं लहानपणी बापासाठी गम चघळून चघळून जमवलेली कार्डं.

मनू सासरी गेल्यावर पंधरा दिवसांनी दिवाण सरकवताना आमच्याकडं एक खोकं राहिलेलं सापडलं. मी ते घेऊन उस्मानपुऱ्यात गेलो. मधली खोली लख्ख होती, कोपरे मोकळे, मध्ये ती बाज. मी चेष्टेनं म्हणालो, "दाजी, आता मैदान मोकळं. करा सुरुवात!"

"नगं," ते म्हणाले. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या ते."

बरं म्हणून मी बाजेवर टेकायला गेलो, तर दाजी लगबगीनं आडवे आले. "तिथं नगं, साडू. हितं खुर्चीवर बसा."

मी पाहिलं. बाजेच्या मधोमध, नीट घडी घालून, त्यांचा रुमाल ठेवलेला होता.