खाणवाली रुख्माबाई आणि चुलीचा फॉर्म

उकवा गावाजवळच्या एका खाणीत रुख्माबाई अठरा वर्षं मँगनीजचे दगड फोडत होती. नवरा पुनाराम कमरेतून अधू, म्हणून घर तो सांभाळायचा. भात असा शिजवायचा की शीत न् शीत मोकळं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. वावगं वाटलं ते १९८४च्या फेब्रुवारीत, बाहेरून आलेल्या डॉक्टरांना.

धुरा-धुळीने छाती किती बिघडते याचा ते अभ्यास करत होते. मी गावातली, नन्सच्या शाळेत शिकलेली; माझं अक्षर लागतं, एवढ्या गुणावर मला फॉर्म भरायला बसवलं. पुरुषांना खाणीचा फॉर्म, बायकांना चुलीचा. छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, मात्र खाणीच्या फॉर्मवाल्यांचाच. रुख्माबाई चार महिने खोकत होती. फोटोत काही निघालं, तरच खाणीचे मालक तिला दगडांवरून काढून पाणी पाजायच्या कामावर घालणार होते.

"चूल रोज किती तास पेटते?" मी छापील प्रश्न वाचला.

"मले काय मालूम? त्याले विचारा."

"सकाळी दोन, सांजले दीड," रांगेतून पुनाराम म्हणाला. "लाकूड वलं असलं तर डोळेच जातात, बाई."

रांग हसली. डॉक्टर हसले नाहीत. घरातला पुरुष म्हणून त्यांनी फोटोची चिठ्ठी पुनारामला दिली.

तो घाबरला. "साहेब, मी खाणीत फक्त डबा द्यायले गेलतो जी."

"मग तुझा फोटो छान येईल."

रुख्माबाई उठली. "डॉक्टरसाहेब, तुमच्या कागदाले दगड फोडता येत असंल, तर उद्या त्याले पाठवा. मी घरी बसून खोकीन."

"अहो, पुरुषांच्या गटात बाई कशी घालू?"

"गटात नका घालू. मशीनपुढं उभी करा."

डॉक्टर कागद चाळू लागले, तेवढ्यात मी तिचं नाव खाणीच्या फॉर्मवर लिहिलं आणि 'पुरुष' हा शब्द, नन्सनी शिकवल्याप्रमाणे, पट्टी लावून खोडला. पुनारामला चुलीचा फॉर्म मिळाला.

तिच्या फोटोत डाग निघाले. एप्रिलपासून रुख्माबाई सावलीत बसून पाणी पाजू लागली.

पुढच्या वर्षी अहवाल आला. खाणकामगार: सर्व पुरुष. चूल सांभाळणाऱ्या: सर्व स्त्रिया. मी तिला वाचून दाखवला.

"म्हणजे माह्या नवऱ्याले बाई केलं?"

"केलं."

खोकला येईस्तोवर ती हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्याले सांगू नका, बाई. आत्ताच मिशी वाढवून राह्यला."