डॉक्टरच्या गाडीले एनिमाची नळी

चहा सांगा राजेहो, मंग सांगतो. या किस्स्यातला गाढव मीच आहो, हे आधीच कबूल करतो. म्हणजे मधात मधात तुम्हाले विचारा लागणार नाही.

तेव्हा मी नांदुऱ्यात एका डॉक्टरकडे कंपाउंडर होतो. बारा वर्षं मिक्चर ढवळलं का माणसाले वाटाले लागते, आता आपुनही अर्धे डॉक्टर. मले तर पाऊण वाटे.

आमचे बाबा वडनेर भोलजीले घरी खाटेवर होते. डॉक्टर आपल्या गाडीनं त्यायले पाहाले आले, नाडी पाह्यली, मले बाहेर बोलावलं अन् म्हणे, "दत्ता, आजचा दिवस समज." मी आत आलो. मायनं चमच्यानं पाणी लावलं तर बाबानं तोंड फिरवलं.

"शांतीच्या हातचं पेतो," म्हणे.

शांता म्हणजे माही लहान बहीण, पिंपळगाव राजा या गावी दिलेली. जाणाऱ्याच्या तोंडात लेकीच्या हातचं पाणी पडा लागते, ही आमच्या घरची रीत. अन् बाबा असे हट्टी, का ओठ सुकून फाटले तरी दुसऱ्याच्या हातचा घोट घेत नव्हते. सकाळीच तिले सांगावा गेला होता.

"येईल ते एस.टी.नं," माय म्हणे.

बाबाले ग्लानी आली, तसं मी हळूच म्हटलं, "एस.टी.ची काय वाट पाहायची? डॉक्टरसाहेब, तुमची गाडी द्या."

डॉक्टर देवमाणूस. म्हणे, "मी बसतो इथं बाबांजवळ. तू जा. पण पंपाची नळी फुसफुसते आहे. तिची तार घट्ट ठेव, बाकी कशाला हात लावू नको. खामगावचा मिस्त्री उद्या येणार आहे."

आता ते नळी कायची, ते ऐका. गाडी जुनी विलायती, पण इंजिन डिझेलचं. डिझेल पंपातून पिचकारीवानी आत जाते. किती जाऊ द्यायचं, ते एका करंगळीएवढ्या रबरी नळीच्या भरवशावर. इंजिन त्या नळीतून हवा ओढते, त्या ओढीनं पंप ताब्यात राहते. नळी निसटली का पंपाले वाटते मालकानं पाय पुरा दाबला, अन् तो डिझेल सोडतच राह्यते.

हे सारं मले मिस्त्रीनं एकदा सांगतलं होतं. म्हणून तर मी शहाणा झालो ना! नांदुऱ्यात दवाखान्यासमोर गाडी थांबवली. एनिमाच्या डब्याची नवीकोरी लाल नळी होती, तिचा वीतभर तुकडा कापला अन् जुनी काढून तेच बसवली. नळी म्हणजे नळी! माणसाच्या पोटाले चालते, तर इंजिनाले काऊन चालणार नाही?

पिंपळगावले पोचलो तर वडनेरवरून जाणारी मलकापूरची एस.टी. उभी. शांता खिडकीजवळ बसलेली, मांडीवर गाठोडं, डोळे लाल.

"उतर खाली," मी म्हटलं.

"भाऊ, सुटूनच राह्यली ना गाडी. हिनंच येतो मी."

"अवं, बाप चालला अन् तू कोंबड्याच्या टोपल्याजवळ बसून जाते? डॉक्टरची गाडी आणली तुह्यासाठी!"

सारी एस.टी. खिडकीतून पाहून राह्यली होती. खोटं काऊन बोलू, मले ते आवडलं. शांता उतरली.

आम्ही पुढं निघालो. अर्ध्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज वाढला. मी पाय काढला, तरी वाढतच गेला. ब्रेक दाबून गाडी उभी केली, किल्ली काढली. किल्ली माह्या हातात अन् इंजिन बिनकिल्लीचं बोंबलून राह्यलं! असं सुटलेलं डिझेल इंजिन किल्लीनं बंद होत नाही, हे मिस्त्रीनं सांगतलं नव्हतं. शांता गाठोडं घेऊन बाजूच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, पळाली.

वावरातून एक शेतकरी धावत आला. त्यानं बोनट उघडलं, ओलं पोतं हवा ओढायच्या तोंडावर दाबून धरलं, तेव्हा इंजिन गुदमरून बंद पडलं. लाल नळी तेलानं फुगून लोंबत होती.

तेवढ्यात मागून एस.टी. आली अन् थांबली.

"या ताई, बसा," कंडक्टर म्हणे.

शांतानं पाय उचलला. मी तिचं गाठोडं धरलं. "थांब वं. दोन मिनिटाचं काम आहे."

"भाऊ, जाऊ दे मले. बाबा वाट पाहून राह्यले."

"म्हटलं ना, दोन मिनिटं!"

काऊन म्हटलं असं? खिडकीत तेच चेहरे होते. मघाशी मी ज्यायच्या समोर रुबाब केला, त्यायच्या समोर आता माही बहीण परत एस.टी.त चढणार. बाबाच्या जिवापेक्षा मले ते लाज मोठी वाटली. कंडक्टरनं दोन घंट्या मारल्या. एस.टी. गेली.

"जाऊ द्यायचं होतं त्या बाईले," शेतकरी हळूच म्हणे.

मी शांताच्या रिबिनीनं नळी बांधली. गाडी सुरू झाली, फर्लांगभर चालली अन् पुन्हा बोंबलली. या खेपेस पोतं नव्हतं. आतमधी काहीतरी तुटलं अन् सारं शांत झालं.

त्याच शेतकऱ्याच्या बैलगाडीनं नांदुऱ्यापर्यंत, तिथून एका ट्रकनं वडनेर. शांतानं रस्ताभर गाठोडं छातीशी धरून पुढंच पाह्यलं. दोन शिव्या देल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं.

पोचलो तेव्हा अंगणात माणसं बांबू बांधून राह्यले होते. शांतानं बाबाच्या ओठाले पाणी लावलं, ते गालावरून खाली गेलं.

मी डॉक्टरले बाजूले घेतलं. विचारू नये, पण विचारलं. "बाबा तहानलेलेच गेले का हो?"

"नाही," डॉक्टर म्हणे. "एस.टी. आली तेव्हा चांगले शुद्धीवर होते. तिच्यातून शांता उतरली नाही म्हटल्यावर कासावीस झाले. मग मीच धीर दिला. म्हटलं, बाबा, काळजी करू नका, तिला आणायला स्वतः दत्ता गेला आहे."

"मंग?"

डॉक्टर खाली पाहाले लागले.

"त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, 'दत्ता गेला? मंग द्या डॉक्टरसाहेब, तुमच्याच हातचं द्या.'"