श्रावणात हंगेरी

चूक माझी होती. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण बायको हा किस्सा सांगते तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

तेव्हा आम्ही दोह्यात बिन महमूद भागात राहायचो. फुटबॉलचा वर्ल्ड कप अजून तीन वर्षं लांब होता, पण शहर असं खणून ठेवलं होतं की सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जावं, तो संध्याकाळी परत येताना जागेवर असेलच याची खात्री नसे. मी एका सल्लागार कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होतो. म्हणजे दुसऱ्यांनी ओतलेलं काँक्रीट मोजायचं आणि ते कमी भरतंय असं म्हणायचं. आमच्याकडे एका स्टेडियमचं काम होतं. ऑफिसात आम्ही मराठी पाच जण, आणि माझ्या समोरच्या टेबलावर एक हंगेरियन गृहस्थ. वय एकसष्ट, मिशा पांढऱ्या नि भरघोस. आम्ही आपापसात त्यांना मामा म्हणायचो. मैदानातल्या हिरवळीखालून पाणी कसं वाहून जाईल ते बघणं हे मामांचं काम. जिथे पाऊस वर्षातून चारदा हजेरी लावून जातो त्या देशात पाण्याचा निचरा करणारा माणूस! यावर आम्ही चार वर्षं तेच ते विनोद केले आणि मामा चार वर्षं हसले.

जूनमध्ये एकदा ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले. वीस ऑगस्टला त्यांच्या देशाचा मोठा दिवस असतो. बुडापेस्टमध्ये म्हणे परदेशी पाहुण्यांना गाइडबरोबर एका संध्याकाळी चार-पाच बार फिरवतात. प्रत्येक ठिकाणी एक पेय आणि त्या पेयाची गोष्ट. मामांची मुलगी कॉलेजात असताना हेच काम करायची. तशी सहल मामांना दोह्यात काढायची होती. तीन हॉटेलं, तीन बार, गाइड स्वतः मामा.

"माझ्या मुलीला वाटतं, मी इथे खोलीत एकटा बसून सूप पितो," ते म्हणाले. "तिची आई गेल्यापासून तिचं रोज एकच, बाबा, परत या. इकडे माझा करार वाढवून मिळतोय. मला थांबायचंय. त्या मैदानावर पहिली मॅच झालेली बघायचीय. म्हणून तिला सांगितलंय, मला इथे माणसं आहेत. शेवटच्या बारमधून व्हिडिओ कॉल करून तिला माझा ग्रुप दाखवणार आहे. ग्रुप दिसला की ती मला थांबू देईल."

"आणि खरंच खोलीत बसून सूप पिता?" मी विचारलं.

"सूप चांगलं असतं," मामा म्हणाले.

आम्ही पाचही जणांनी त्याच दिवशी होकार दिला. फुकटची हंगेरी कोण सोडणार? तारीख ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण सगळ्यांच्या रजांचा तक्ता मी ठेवायचो. कतारमध्ये अशी तारीख ठरवायची तर चंद्र बघावा लागतो. रमजानात हॉटेलातले बार बंद. बकरी ईदच्या आधीचे काही दिवसही बंद. मी सगळं तपासलं, अरबी महिने जुळवले, मोहरमसुद्धा बघितला, आणि वीस ऑगस्टच्या शेजारचा गुरुवार पक्का केला. चोख काम. फक्त आपलं कॅलेंडर उघडायचं राहिलं. त्या वर्षी त्यांची बंदी आणि आमचा श्रावण जवळजवळ बरोबरच सुरू झाले. त्यांची बंदी ईदला सुटली, आमचा श्रावण महिनाभर चालू राहिला, आणि मी निवडलेला गुरुवार त्याच्या बरोबर पोटात.

आम्ही पाचही जण श्रावण पाळणारे. एरवी कुणी काही पाळत नाही, म्हणूनच हा एक महिना फार कडक. घोळ लक्षात आला तेव्हा हातात चांगले अठरा-वीस दिवस होते. सरळ जाऊन मामांना सांगायचं, तारीख पुढे ढकलायची. पण गोऱ्या माणसाला श्रावण कसा समजावणार, म्हणून प्रत्येकजण गप्प बसला. प्रत्येकाला वाटलं, आपण एक जण नाही गेलो तर काय बिघडतं, बाकीचे चौघे आहेतच.

गुरुवारी दुपारी मोबाइलवर एकेक निरोप येऊ लागला. एकाच्या मुलीची ट्यूशन निघाली. एकाला साइटवर अचानक काम आलं. लांब, शहराबाहेर मुऐदरला राहणाऱ्याची गाडी बिघडली. चौथ्याचं पोट. मी सोफ्यावर पडून मोबाइलवर माझा निरोप टाइप करत होतो.

"तुम्हाला काय झालंय?" बायकोने विचारलं.

"पाठ दुखतेय."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

माझी बायको नाशिकची. सोमवारचा उपास, शनिवारचा उपास, श्रावणात घरात कांदा-लसूण बंद. तिला सगळं सांगितल्यावर ती सुटकेचा मार्ग दाखवेल अशी माझी खात्री होती. ती म्हणाली, "म्हणजे आता ते एकटेच उभे राहणार तिथे? उठा. प्यायचं नाही, पण जायचं. मीही येते."

"अगं, बारमध्ये?"

"मग काय झालं? बारमध्ये पाणी मिळत नाही का?"

तिने चांगली इरकल साडी नेसली. संध्याकाळी पाच वाजता, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत असताना, आम्ही हंगेरीला निघालो. पहिल्या बारच्या दारावर एका माणसाने आमची ओळखपत्रं मागून घेतली आणि मशीनवर धरली. बायको तिथेच थबकली. "अहो, नोंद झाली ही," ती म्हणाली. "भर श्रावणातली." मी म्हटलं, नोंद कतार सरकारकडे झालीय, वर गेलेली नाही.

मामा आत उभे होते. इस्त्रीचा कोट, आणि हातात एक मिटलेली छत्री, उंच धरलेली. गाइडने गर्दीत दिसावं म्हणून छत्री उंच धरायची असते, असं त्यांना मुलीने शिकवलं होतं. गर्दी म्हणजे आम्ही दोघं. मामांनी आमच्याशी हात मिळवला आणि आमच्या मागे दाराकडे बघितलं.

"येतील," मी म्हणालो. "इन्शाल्ला."

"नाही येणार," बायको त्यांना म्हणाली. तिचं इंग्रजी नववीच्या पुस्तकातलं, पण खोटं त्यात बसत नाही. "हा आमचा पवित्र महिना आहे. यात आम्ही पीत नाही. ते चौघं म्हणून आले नाहीत. आम्हीही पिणार नाही. पण तुम्ही सांगाल ते ऐकायला आलोय. तारीख माझ्या नवऱ्याने चुकवली."

छत्री हळूहळू खाली आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  मग मामांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर तीन थांबे आणि प्रत्येक थांब्याची वेळ, ड्रेनेजच्या आराखड्यासारखी बाणांनी जोडलेली. "दोन माणसं असली तरी सहल निघते," ते म्हणाले. "यल्ला, चला."

पहिला थांबा पालिंकाचा. म्हणजे फळांची कडक दारू, जरदाळूची, आलुबुखाऱ्याची. ती त्या बारमध्ये नव्हतीच. तिथल्या माणसाने दुसऱ्याच कुठल्या देशाची बाटली काढून दिली. मामांनी एक घोट घेतला, मान हलवली, आणि जी नव्हती तिचं वर्णन सुरू केलं. गावातली आलुबुखाऱ्याची झाडं, सगळ्या गावात मिळून एक भट्टी, वडील पहिली धार तळहातावर चोळून वास कसा घ्यायचे ते. बायको गालावर हात ठेवून ऐकत होती. सत्यनारायणाची कथाही ती इतक्या लक्ष देऊन ऐकत नाही, हे मी तिला नंतर सांगितलं.

दुसऱ्या हॉटेलात मामांनी बिअर घेतली. आम्ही लिंबाचं सरबत. चांगलं वागायची आता मला घाई झाली होती, म्हणून मी माझा ग्लास त्यांच्या ग्लासवर आपटायला पुढे नेला. मामांनी पटकन आपला ग्लास मागे घेतला.

"बिअरचा ग्लास आम्ही आपटत नाही," ते म्हणाले. फार पूर्वी ऑस्ट्रियाने त्यांचं बंड मोडलं, त्यांच्या तेरा सेनापतींना मारलं, आणि त्या दिवशी जिंकणाऱ्यांनी बिअरचे ग्लास आपटून जल्लोष केला, अशी गोष्ट सांगतात. तेव्हा हंगेरीच्या लोकांनी शपथ घेतली, दीडशे वर्षं बिअरचा ग्लास आपटायचा नाही.

"दीडशे वर्षं कधी संपतात?" मी मोजमापवाला, मला तेच सुचणार.

"संपली. त्यालाही वीस वर्षं झाली."

"मग अजून का पाळता?"

 उत्तर बायकोने दिलं, आणि ते मला, मराठीत. "अहो, काय विचारताय? व्रत आहे ते. उद्यापन कुणी केलं नसेल." मग तिने त्यांना उद्यापन समजावलं. व्रत संपवायचं तरी रीत असते, नुसतं सोडून देता येत नाही. मामा एकदम खूश झाले. "बरोबर," ते म्हणाले, "आमचं कुणी नीट संपवलंच नाही." मी तीन आठवडे ज्या माणसाला श्रावण कसा समजवावा या काळजीत होतो, त्याला तो बिअरच्या एका ग्लासात समजला होता. मी माझं सरबत पीत बसलो. मूर्ख वाटायला दारू लागते असं नाही.

तिसरा आणि शेवटचा थांबा एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होता. खाली कॉर्निश, म्हणजे समुद्राकाठचा रस्ता, पलीकडे क्रेनची रांग, आणि सूर्य केव्हाच बुडालेला. इथे मामांनी वाइनमध्ये सोडा घातलेलं पेय मागवलं. त्याला तिकडे प्रमाणानुसार नावं असतात. वाइन एक भाग आणि सोडा दोन भाग असेल तर लांब पाऊल. वाइन तीन आणि सोडा दोन, तर इमारतीचा रखवालदार. बायकोने विचारलं, "वाइन शून्य आणि सोडा पाच, तर?" मामांनी गंभीरपणे विचार केला आणि तिच्यासाठी सोडा मागवला. मग एक काळीकुट्ट कडू दारू आली, पोटाला बरी म्हणून ते लोक घेतात ती. बायकोने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "हे तर महासुदर्शन काढा." हे त्यांना इंग्रजीत सांगायला तिला पाच मिनिटं लागली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीलाच धीर धरवला नव्हता. मामांनी कोट नीट केला, मिशी नीट केली आणि आमच्याकडे बघितलं. तीन खुर्च्या भरलेल्या, चार रिकाम्या. टेबल त्यांनी सात जणांसाठी सांगून ठेवलं होतं, बायको येईल हे माहीत नसताना. एक खुर्ची कुणी आयत्या वेळी आलंच तर, म्हणून. त्यांनी फोन उचलला.

पडद्यावर तिशीची मुलगी. ती हसली, आम्हाला नमस्कार केला, हातसुद्धा जोडले. मग तिची नजर खुर्च्यांवर गेली. तिने बापाला त्यांच्या भाषेत काही विचारलं. शब्द कळला नाही, पण प्रश्न कळला. 

बायकोने मामांच्या हातातून फोन घेतला. "बाकीचे ना?" ती म्हणाली. "पुढच्या बारमध्ये गेलेत. तुझे बाबा फार हळू चालतात, त्यामुळे आम्ही मागे राहिलो. तू काळजी करू नको. आमची मोठी गँग आहे. थांब, थोड्या वेळाने सगळे दिसतील."

पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशीसुद्धा खोटं बोललेली मला आठवत नाही. सोयीचं म्हणूनही नाही. 

फोन बंद झाला. "मॅडम," मामा म्हणाले, "पुढचा बार नाही. हा शेवटचा होता."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि तिने स्वतःचा फोन पर्समधून काढला. पहिला फोन पोटदुखीला. "भाऊजी, पोट कसं आहे? बरं. मी हॉटेलात आहे, हो, बारमध्ये, तुमच्या मामांबरोबर. अर्ध्या तासात इथे या. नाही, काही प्यायचं नाही. सोडा प्या. श्रावणात दारू सोडायची असते, भाऊजी, माणूस नाही." पुढच्या तिघांना तिने हेच सांगितलं, फक्त पोटाच्या जागी गाडी, साइट आणि ट्यूशन घातली. मला त्यांची कीव आली नाही. माझी पाठ तेवढी वेळेवर बरी झाली होती, इतकाच काय तो आमच्यात फरक.

तिघे आले. पोटदुखीवाला सर्वांत आधी, चपलांवर, आणि चपलांमुळे दारावर त्याची पाच मिनिटं हुज्जत झाली. मुऐदरवाला बिघडलेल्या गाडीतून आला. साइटवाला फोनवर इन्शाल्ला म्हणाला होता, तो आला नाही. तिघेही खाली मान घालून टेबलाशी उभे राहिले. मामांनी त्यांना उशीर का झाला ते विचारलं नाही. ज्यांच्या शेजारी ते चार वर्षं बसत होते त्या तिघांशी त्यांनी उठून हात मिळवला, खुर्च्या पुढे ओढून दिल्या, आणि मुलीला परत फोन लावला.