माझ्या सासऱ्यांचा घास

अकोल्यापासून अमरावतीपर्यंत जेवणारी माणसं पुष्कळ सापडतील, पण जेवण इतकं मनावर घेणारा माणूस एकच, आणि दैवयोगानं तो माझा सासरा निघाला. अकोल्यात त्यांनी सारी हयात वकिली केली, पण माणसांची नावं त्यांच्या ध्यानात कधी राहिली नाहीत. माणसं ते ताटावरून ओळखत. ‘तो नाही का, पातळ वरणवाला?’ असं ते ज्याच्याविषयी विचारत, तो त्यांचा सख्खा चुलतभाऊ असे. हिवाळ्यात तेल्हाऱ्याकडच्या कुठल्याशा शेतात भरिताची वांगी भाजणार अशी खबर आली की वकीलसाहेबांची तब्येत बिघडे आणि कोर्टात पुढची तारीख पडे. लग्नात अक्षता टाकण्याआधी ते आचाऱ्याच्या कढईत डोकावून येत. मी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. ‘तिखट किती खाता?’ एवढंच विचारलं आणि पानात ठेच्याचा गोळा वाढला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, “पोरगं रडलं, पन ताट नाई सोडलं. देऊन टाकू पोरगी.”

एका सकाळी कोर्टात निघताना ते बूट घालायला वाकले आणि घर गरगर फिरलं. डावीकडे कोसळले, ओकाऱ्या झाल्या आणि मग उचकी लागली ती थांबेचना. मी अमरावतीहून पोचलो, तोवर दवाखान्यात नातेवाइकांनी निदान करून टाकलं होतं. हातपाय तर हलतात, मग लकवा कसला? पित्तच असणार. जो तो विचारत होता, “काल खाल्लं काय होतं?” एरवी हा प्रश्न त्यांना फार आवडला असता.

डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोतला डाग दाखवला, वाटाण्याएवढा. मेंदूचा जो देठ खाली पाठीच्या कण्यात उतरतो, त्याच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. गिळण्याच्या, आवाजाच्या, तोल सांभाळण्याच्या, गरम-थंड कळवण्याच्या वाटा म्हणे तेवढ्या इवल्या जागेत दाटीवाटीनं असतात. हातापायांच्या ताकदीची वाट शेजारून गेली म्हणून ती वाचली. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात एकच शब्द विचारला, “जेवण?”

“सध्या नाकातल्या नळीनं. पुष्कळांचं गिळणं परत येतं,” डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर कळलं, की देहाची वाटणी झाली आहे, आणि तीही कुठल्याच वकिलाला पटू नये अशी. बधिर झाला होता चेहरा डावा आणि अंग उजवं. स्पर्श कळे, ताकद होती, पण चटका कळत नसे. एकदा सवयीनं उजवा हात बादलीत घालून ‘कोमट आहे’ म्हणाले आणि तांब्या ओतला. डाव्या पायावर चार थेंब उडाले तेव्हा ओरडले. उजव्या मांडीवर टरारून फोड आले होते, तिची मात्र काही तक्रार नव्हती. “एका पायाले आग, दुसऱ्याले पत्ता नाई,” ते म्हणाले आणि हसायला गेले, तर उचकी लागली.

गिळणं परत आलं नाही. व्यायाम झाले, मानेला शेक झाले. एकदा चमचाभर घट्ट दही दिलं, ते छातीत गेलं आणि न्यूमोनिया होऊन ते मरता मरता वाचले. त्यानंतर नळी नाकातून काढून थेट पोटात बसवली. ‘परत येतं’ हे वाक्य डॉक्टरांनी बोलायचं सोडलं. सासऱ्यांनी बोलणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, तोंडातली लाळही गिळता येईना म्हणून हातात सतत रुमाल. एकदाच माझा हात धरून म्हणाले, “जवाईबापू, पोट भरते. भूक नाई जात.”

सासूबाईंनी घरात फोडणी देणं बंद केलं. वास त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मोरीजवळ बसून, दार लोटून त्या वरणभात खायच्या, तोही अळणी. एका रविवारी मी तिथं होतो. सासरे भिंत धरत, डावीकडे झोकांड्या खात स्वयंपाकघराच्या दारात आले.

“काहून व, घरात सुतक आहे का?” ते म्हणाले. “फोडणी दे.”

सासूबाईंनी कढईत तेल ओतलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, लाल मिरच्या काळ्या झाल्या, वरणात फोडणी आणि मीठ पडलं. सासरे स्टुलावर बसले, रुमाल तोंडाला लावून.

“वाढून घे. माह्यासमोर बस.”

“मले नाई जात घास,” सासूबाई म्हणाल्या.

“तुले नाई जात?”

आपण काय बोलून गेलो हे सासूबाईंना तेव्हा कळलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, भात कालवला आणि एक घास तोंडात घातला. सासरे त्यांच्या गळ्याकडे टक लावून पाहत होते. घास खाली उतरला, तशी त्यांनी रुमाल बाजूला करून हळूच विचारलं,

“मीठ बराबर आहे?”

सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली.

“मंग घे अजून.”