ज्याचा त्याचा श्वास

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे भाता म्हणायचे. लहानपणापासून दमा. जिना चढला की छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायची, त्यावरून पडलेलं नाव. ते घेणाऱ्या एक-दोघांचे कान मी पिळले आहेत, पण नाव काही सुटलं नाही, आणि पुढे पुढे मीही त्याला त्याच नावाने हाक मारायला लागले.

आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच. पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान. गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, येईल ते काम. कापडाची बारीक धूळ त्याला सोसत नाही, म्हणून मधल्या दारावर मी ओली चादर टांगायची, वाळली की पुन्हा भिजवायची. पलीकडे हा हिशेबाची पुस्तकं घेऊन बसायचा. अभ्यासात हुशार, पण परीक्षा जवळ आली की दमा उसळलाच म्हणून समजा. दोनदा वर्ष वाया गेलं. या खेपेला विद्यापीठाने स्पष्ट सांगितलं, हीच शेवटची संधी, यानंतर पदवीचं नाव काढू नका.

बाकीचे पेपर निघाले. राहिला एक ऐच्छिक विषय. हा अंथरुणातून उठून नाव द्यायला पोचला तोवर सगळे विषय भरून गेले होते, आणि उरलं काय, तर समूहगान! दुष्काळात तेरावा महिना तो हा. ज्याला दोन वाक्यं बोलताना धाप लागते त्याने गायचं, आणि त्यावर पदवी मिळवायची.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि थेट विद्यापीठ गाठलं. तळघरातली खोली, भिंतीशी रचलेल्या खुर्च्या, पियानोवर चहाचे उष्टे कप. शिकवणाऱ्या बाई चांगल्या पन्नाशीच्या, बोलायला खरखरीत. मी तोंडाचा पट्टा सुरू केला. म्हटलं, याला मागे कुठेतरी उभा करा, नुसते ओठ हलवेल, पण पास करा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली आणि सांगितलं, की एवढा लांब सूर कुणा एकाच्या छातीत मावतच नाही. म्हणून समूहात प्रत्येकाला श्वास घ्यायची वेगवेगळी जागा नेमून दिलेली असते. एक थांबतो तेव्हा शेजारचे गात असतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सूर तुटलाच नाही.

"तुमच्या भावाला मी श्वासाच्या जागा जास्त देईन," त्या म्हणाल्या, "पण गावं मात्र लागेल."

मी पिशवी उचलली आणि वाद न घालता घरी आले. माझ्या बाबतीत हे क्वचितच घडतं.

मग सुरू झालं. भांडी घासताना हा गाणार, दाढी करताना गाणार. बाईंनी त्याला पोटातून श्वास घ्यायला शिकवलं होतं, त्यामुळे आरशासमोर पोट फुगवून उभा राहायचा आणि मी हसले की रुसायचा. त्याच्या रांगेतली पोरं सरावाला आमच्याकडे यायला लागली. त्यांच्यातला एक आडदांड, त्याला सगळे पैलवान म्हणत. माझ्या घरातलं पातेलं एका बैठकीत रिकामं करायचा. मी तोंडाने कुरकुरत होते, पण पातेलं मोठं घ्यायला लागले होते. भावाला एवढे मित्र मी कधी पाहिले नव्हते. खरं सांगू, मला त्या पोरांचा फार आधार वाटायचा.

परीक्षा म्हणजे सगळ्यांनी मिळून सभागृहात गायचं, समोर बाहेरचे परीक्षक. जो शेवटपर्यंत रांगेत उभा राहून गाणार नाही तो नापास. आणि नेमका त्या सकाळी भाता वाजत होता. मी म्हटलं, नको जाऊस. तो शर्टाची बटणं लावत राहिला. सभागृहात त्याच्या रांगेने त्याचा चेहरा पाहिला आणि सगळ्यांचीच तोंडं उतरली. मी मागच्या बाकावर देव पाण्यात घालून बसले.

शेवटच्या गाण्यात शेवटी तो लांब सूर होता, फक्त पुरुषांच्या रांगेचा. सूर लागला. भात्याची जागा आली. त्याने तोंड मिटलं, शांतपणे श्वास घेतला आणि परत गायला लागला. हुश्श म्हणेपर्यंत मला पैलवान दिसला. बीटासारखा लालबुंद. त्याच्या बाजूचाही तसाच, पलीकडचाही. आणि मग सगळ्या रांगेचा आवाज एकदमच बसला. छात्या पार रिकाम्या.

सभागृहात एकच आवाज उरला. बारीक, थोडा कापरा, पण चालू. चादरीपलीकडून रोज ऐकलेला. बाईंचा हात वरच होता, डोळे त्याच्यावर. तो एकटा तो सूर धरून उभा होता, आणि बाकीचे धापा टाकत एकेक करून त्याच्या आवाजात परत येत होते. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी रांगेला फैलावर घेतलं. तेव्हा कळलं. पैलवानाने ठरवलं होतं, याला आज त्रास आहे, तर याच्या जागी आपण सूर जोरात धरू, स्वतः श्वास घ्यायला थांबायचंच नाही. शेजाऱ्यानेही तेच ठरवलं होतं. सगळ्यांनीच. एकमेकांना न सांगता. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच.

"तुमच्यापैकी एकानेही त्याच्यावर भरवसा ठेवला नाही," बाई म्हणाल्या. "त्याने मात्र तुमच्या सगळ्यांवर ठेवला. म्हणून त्याच्याकडेच श्वास शिल्लक होता."

त्या बोलत होत्या पोरांना, पण मी मान खाली घातली.

परीक्षकांनी रांगेचे गुण कापले, पण पास सगळ्यांना केलं. पदवी झाली. आज भाऊ विम्याच्या कचेरीत हिशेब बघतो. दमा आहेच, तो कुठे जातोय. पण त्या बाईंचे आणि त्या खुळ्या पोरांचे उपकार मी फेडू शकणार नाही, आणि मला फेडायचेही नाहीत, असू देत अंगावर.

परीक्षेच्या त्या दुपारी पोरं त्याला कुठेतरी खायला ओढून नेत होती. मीही पिशवी उचलून त्यांच्या मागे निघाले. तेवढ्यात तो वळला.

"ताई, तू जा घरी. मी येतो माझा."

एरवी मी शंभर प्रश्न विचारले असते. छाती कशी आहे, जिने किती आहेत, परत कधी येणार. तोंडापर्यंत आले होते.

"बरं," मी म्हटलं, आणि घरी गेले.